तिसरी हाक

दिग्रसच्या कापूस बाजारात ज्यांनी रामसिंगची हाक ऐकली आहे, त्यांना भोंगा म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही. भरल्या हंगामात गाड्यांची रांग यार्डाच्या फाटकाबाहेर पार रस्त्यापर्यंत जायची. गाडीवाले कंटाळून गाडीखाली घोंगडं टाकायचे आणि घोरायला लागायचे. काट्यावर ज्याचा नंबर आला त्याच्या नावानं रामसिंग जागच्या जागी उभा राहून हाक मारायचा, आणि झोपलेला माणूस डोळे उघडायच्या आधीच ‘ओ’ म्हणायचा. रामसिंगला त्याचं मोठं कौतुक होतं. तो म्हणायचा, “माणूस झोपते, नाव झोपत नाई.”

या कामाचा एक नियम होता आणि तो रामसिंगनंच घालून घेतलेला होता. हाका तीन. तिसऱ्या हाकेला ओ आली नाही की पुढची गाडी. मग मागचा माणूस तांड्याचा नायक असो की आमदाराचा साडू, चौथी हाक नाही. एकदा त्यानं सख्ख्या मेहुण्याची गाडी अशीच मागे टाकली होती. तेव्हा बायकोनं त्याच्यापुढे भाकरी ठेवली ती आदळून ठेवली, आणि नियमाचं काय करायचं तेही दोन शब्दांत सांगितलं. ते शब्द इथे लिहिण्यासारखे नाहीत.

पुढे बाजारात लाउडस्पीकर आला. रामसिंग कवठीच्या तांड्यावर परतला, शेतीत आणि बकऱ्यांत रमला. कवठीचा तांडा म्हणजे दिग्रसहून एसटीनं थोडं जाऊन मग पायी, नाल्याच्या अलीकडे वसलेली गोरमाटी, म्हणजे बंजारा, लोकांची वस्ती. यांचे वाडवडील बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख पालथा घालायचे. आता तो मुलूख सोयाबीन आणि तुरीपुरता उरला आहे.

त्याच्या बायकोनं, बिजलीबाईनं, जन्मात त्याचं नाव घेतलं नव्हतं. मुलगा शाम झाल्यावर ती त्याला ‘शामेरो बाप’ म्हणायला लागली. म्हणजे शामचा बाप. त्याआधी नुसतंच ‘ऐकलं का’ होतं. जगाला नावानं हाका मारणाऱ्या माणसाला घरी नाव नव्हतं, याची रामसिंगला गंमत वाटायची. “एकदा घेऊन तं पाय,” तो छेडायचा. ती म्हणायची, “बायकोनं नाव घेतलं का नवऱ्याचं आयुष्य कमी होते. तुमाले जड झालं असन तं घेतो.” आणि पदराआड हसायची.

ती हसायची तेव्हा तिच्या दंडावरचा चुडो वाजायचा. कोपरापासून खांद्याकडे चढत गेलेल्या पांढऱ्या हाडाच्या बांगड्या, खाली लहान, वर मोठ्या. आता तांड्यातल्या सुना पंजाबी ड्रेस घालून बँकेत जातात, चुडो कोणी घालत नाही. बिजलीबाईनं तो लग्नात घातला होता आणि त्यानंतर दंड उघडा पडला नव्हता. गोरमाटी बाईचा चुडो एकदाच उतरतो. नवऱ्याला माती दिली की.

अशा बाईला एके दिवशी हातपंपावर चक्कर आली. मग येतच राहिली. चार पावलं चाललं की छाती भरून यायची, बोलता बोलता शब्द तुटायचा. अंग इतकं वाळलं की चुडो दंडावर सैल पडून कोपराशी घसरायला लागला. ते बघून मात्र रामसिंग घाबरला. शामनं दोघांना यवतमाळला आणलं. लोहाऱ्याच्या एमआयडीसीकडे जाणाऱ्या रस्त्यावर हृदयाचा नवा दवाखाना निघाला होता, तिथे डॉक्टर सुचित्राबाईंनी तिला तपासलं. बाई यवतमाळच्याच, वकील-प्राध्यापकांच्या घरातल्या. बोलायला मऊ, पण सांगायचं ते न गाळता सांगणाऱ्या.

त्यांनी पडद्यावर बिजलीबाईची छाती दाखवली. आत धुरकट अंधार होता, आणि त्या अंधारात एक पांढरीफटक कमान होती. शाम म्हणाला, “हे हाड आहे काय मॅडम?”

“हाड नाही. हृदयातून निघणारी मुख्य धमनी आहे. एक्स-रेवर ती इतकी पांढरी दिसायला नको. हिच्यात चुना साचलाय. हंड्याला आतून थर चढतो ना, तसा. आणि धमनीच्या तोंडाशी जी झडप असते ती थिजलीय, उघडत नाही. झडप बदलावी लागेल.”

“बदला मंग,” रामसिंग म्हणाला.

“बाबा, छाती उघडून बदलायची तर या धमनीला चिमटा लावावा लागतो. ही मडक्यासारखी कडक झालीय. चिमटा लावला की तडकेल, आणि तिची कपची मेंदूत जाईल. म्हणून न उघडता, दुसऱ्या नसेतून नळी घालून, तिच्यातून नवी झडप वर न्यायची. एरवी मांडीतून नेतो. आजींच्या मांडीतल्या नसाही चुन्याच्या झाल्यात. त्या मानानं डाव्या खांद्याखालची नस बरी आहे. ते नाहीच जमलं तर मानेतून, पण त्यात धोका जास्त. तसं करायची वेळ आली तर मी आधी तुम्हाला विचारीन.”

बिजलीबाईनं एकच विचारलं. “तंबाखूसंग चुना खाल्ला, तो जाऊन बसला काय?”

“नाही हो आजी, तो चुना वेगळा.”

तांड्याला मात्र हे कधीच पटलं नाही. चुना आत गेला, नळीनळीत बसला, बिजलीबाई आतून दगड होऊन राहिली, असंच सगळे म्हणत. बाया तिला भेटायला यायच्या आणि नकळत तिच्या हाताला हात लावून बघायच्या.

खांद्याखालची नस म्हटल्यावर पुढचं ओघानंच आलं. नर्स म्हणाली, “आजी, या बांगड्या काढाव्या लागतील.” बिजलीबाईनं उजवा हात डाव्या दंडावर ठेवला आणि म्हणाली, “मी मरतो. पन सवाशीन मरतो.” तिला उठवून घरी आणावं लागलं.

घरी रामसिंग तिच्या खाटेशी बसला. बाजारातला भोंगा त्या दिवशी कुजबुजत होता. “तू गेल्यावर मी कोनाच्या जिवावर राहू? सून चांगली आहे, पोरगा चांगला आहे. पन मले कोन बोलन?” म्हातारा रडला. बिजलीबाईनं त्याला रडताना याआधी फक्त बैल मेला तेव्हा पाहिलं होतं.

तिनं आढ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, “आयका. नवरा मरते, मंग चुडो उतरते. हे उलटं होऊन राह्यलं. दंड रिकामा दिसला का काळ म्हनन, हिचा नवरा कसा मागं राह्यला? मंग तो तुमाले हुडकत येईन. नावानं हाक मारन. म्हनून, चुडो परत चढेपर्यंत तुमी कोनाच्याच हाकेले ओ द्यायची नाई. ते नाव तुमचं नोहे. तांड्यातबी कोनी घ्याचं नाई. कबूल असन तं काढतो.”

तांड्यात पोरगं चालायला लागलं की त्याला सांगतात, दिवेलागणीला नुसती एक हाक आली तर ओ द्यायची नाही. माणूस दोनदा-तीनदा बोलावतो. ते एकदाच बोलावतं. आज एकदा, मग केव्हातरी एकदा. रामसिंगला हे नवीन नव्हतं. त्यानं मान डोलावली. तिच्यासाठी त्यानं जीव दिला असता, नावाचं काय एवढं!

दवाखान्यात चुडो तेल लावून उतरवला तेव्हा खाली दंड निघाला तो दुसऱ्याच कोणाचा तरी असावा तसा. पांढरा, मऊ, सुरकुत्या नसलेला, लग्नातल्या मुलीचा दंड. बिजलीबाईनं तो पाहिला आणि तोंड फिरवलं. चुडो तिनं उपरण्यात बांधून रामसिंगच्या मांडीवर ठेवला. “जमिनीवर टेकवू नोका,” म्हणाली. मग तिला आत नेलं.

रामसिंग बाहेरच्या बाकावर बसला, मांडीवर गाठोडं, गाठोड्यावर दोन्ही हात. शेजारी एक म्हातारा आपल्या तपासणीची वाट बघत बसला होता. झरी जामणीकडचा, लांबट चेहऱ्याचा, पायात टायरच्या चपला. जन्म जंगलखात्याच्या रोजंदारीत गेलेला, कूपकटाई म्हणजे आखून दिलेल्या पट्ट्यातली झाडं तोडणं, वणवा विझवणं, असलंच. त्यानं न विचारताच तंबाखूची डबी पुढे केली आणि न विचारताच नाव सांगितलं. “मी रामसिंग. तुमी?”

रामसिंगच्या घशाशी नाव आलं आणि तिथेच थांबलं. “शामचा बाप,” तो म्हणाला.

“असं.” म्हाताऱ्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. तो जंगलाच्या गोष्टी सांगायला लागला. सागवानात माणूस दहा हातांवर दिसत नाही, म्हणून एकमेकांना हाका देत चालायचं. शेवट वर उचलायचा, म्हणजे हाक झाडांच्या डोक्यावरून जाते. त्यानं हळूच करून दाखवली, आणि रामसिंगनं मनातल्या मनात दाद दिली. कसबी माणूस कसबी माणसाला ओळखतो.

“एक ध्यानात ठेवा,” म्हातारा म्हणाला. “जंगलात हाक आली का ओ द्यायचीच. आपल्याले असो का दुसऱ्याले. नाई देली तं हाकारनारा समजते का इकडं कोनी नाई, आन् मंग तो भटकते. कोनाची तरी ओ असली पायजे.”

तेवढ्यात काउंटरवरच्या मुलीनं हाक मारली. “रामसिंग! रामसिंग आहेत का?”

दवाखान्याच्या कागदावर आपलं नाव असणार, हे रामसिंगच्या ध्यानातच आलं नव्हतं. बिजलीबाईच्याही नाही. शाम रक्ताची सोय करायला गेला होता. आत काय चाललंय? तिचं काही बरंवाईट तर नाही? आणि हाक मारणारी ही मुलगीच आहे, की मुलीच्या तोंडून आणखी कोणी? रामसिंगनं गाठोडं घट्ट धरलं.

“रामसिंग!”

“ओ!” शेजारचा म्हातारा म्हणाला, आणि उठून गेला. थोड्या वेळानं हसत परत आला. “मले नोहे ते. कोन्या बिजलीबाईचा मालक पायजे त्याईले. खांद्याची नस बी चुन्याचीच निंगाली म्हने, नळी जाऊन नाई राह्यली. मानीतून जाऊ काय, इचारून राह्यले. तुमाले ठाव हाय काय तो मानूस?”

रामसिंगनं मान हलवली. नाही.

असं आहे बघा. बायकोच्या जिवाचा प्रश्न दारात उभा, आणि नवरा म्हणतो मी त्याला ओळखत नाही. तुम्ही-आम्ही इथे बसून म्हाताऱ्याला शिव्या देऊ शकतो. पण त्यानं वचन दिलं होतं ते तिलाच. ओ दिली तर वचन मोडतं, नाही दिली तर ती मरते, आणि इकडे आड तिकडे विहीर अशा जागी माणूस बहुतेक वेळा बसूनच राहतो. तिसरी हाक आली, “बिजलीबाईंचे यजमान रामसिंग!” आणि तो बसूनच राहिला.

धावत आला तो शाम. त्यानं आत जाऊन डॉक्टरबाईंशी बोलणं केलं, सही केली. बाप बाकावर असून गेला नाही, हे त्याला तेव्हा कळलंही नाही.

दार बंद झालं. शेजारच्या म्हाताऱ्यानं चपला काढून पाय बाकावर घेतले. “पाय गार पडून राह्यले,” तो म्हणाला. मग त्यानं डोकं रामसिंगच्या खांद्यावर टेकवलं. झोप लागली असेल म्हणून रामसिंग हलला नाही. मांडीवरच्या गाठोड्यात चुडो वाजला. एकदाच, खळ्ळकन. रामसिंगचे दोन्ही हात त्याच्यावर होते आणि कोणी हललं नव्हतं.

नर्सनं येऊन पाहिलं तेव्हा म्हातारा गेलेला होता.

डॉक्टर म्हणाले, त्याचं हृदय आधीच थकलेलं होतं, आज ना उद्या हे व्हायचंच. म्हणजे कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ. खरंही असेल. पण रामसिंगचा उभा जन्म काट्यापाशी गेलेला. एका नावाच्या तीन हाका झाल्या, ज्याची पाळी होती त्यानं ओ दिली नाही, आणि मधेच ज्यानं दिली त्याची गाडी आत घेतली गेली. त्याला दुसरं काही सुचूच शकत नव्हतं.

बिजलीबाई वाचली. झडप मानेतून गेली आणि आत फुलासारखी उमलली, असं सुचित्राबाई म्हणाल्या. शुद्धीवर येताच तिनं विचारलं, “शामेरो बाप?” शाम म्हणाला, “आहे, बाहेर बसून आहे.” ती परत झोपली. श्वास असा चालला होता की तसा कित्येक वर्षांत चालला नसेल.

पण खांद्याशी नळी घालायचा जो खटाटोप झाला होता, त्यानं डावा हात भोपळ्यासारखा सुजला. निळा-काळा पडला. चुडो उतरवला तो वायाच गेला होता, आणि आता तो कोपरावर अडत होता. डॉक्टरबाई म्हणाल्या, सूज हळूहळू उतरेल. बिजलीबाईनं गाठोडं चुलीवरच्या खुंटीला टांगलं आणि रामसिंगकडे पाहिलं. “अजून थोडं,” म्हणाली.

थोडं काही थोडं राहिलं नाही. महिने गेले.

आधी तांड्याला मजा वाटली. रामसिंग दिसला की पोरं म्हणायची, “भूत आलं, चहा मांडा!” मोठी माणसं त्याला ‘ते’, ‘तिकडचे’ म्हणायला लागली. मग मजा गेली आणि नुसती सवय उरली. नायकाच्या ओट्यावर बैठक बसायची तेव्हा घराघराला नावानं हाक जायची, त्याच्या घरावरून हाक पुढे जायची. रेशन दुकानात नाव पुकारलं, त्यानं ओ दिली नाही, दुकानदारानं पुढचा घेतला. एका लग्नाच्या पंगतीत वाढपी त्याच्या पत्रावळीवरून सरळ पुढे गेला. मुद्दाम नाही. त्याला कोणी तिथे बसलेलं दिसलंच नाही. रामसिंगनं पाण्याचा पेला पालथा घातला आणि उठला.

तो बोलेनासा झाला. घरात आला तरी कोणाला चाहूल लागत नसे. सून मागे वळून दचकायची, “बापा, तुमी कवा आले?” दुपारभर तो नाल्याकाठी बकऱ्या घेऊन बसे. बिजलीबाई आता पंपावरून स्वतः घागर आणत होती, गालावर मांस चढलं होतं. तिला आलेला रंग पाहून त्याला आनंद व्हायचा, पण तोही दुरून, काचेच्या पलीकडून पाहावा तसा. बाकावरच्या म्हाताऱ्याबद्दल त्यानं तिला अक्षर सांगितलं नव्हतं.

मग पहिली हाक आली.

सांज होत होती. नाल्यापलीकडच्या पळसांतून कोणीतरी हाक मारली. “रामसिंऽऽग.” शेवट वर उचललेला, झाडांच्या डोक्यावरून जाणारा. रामसिंगनं आधी स्वतःशीच म्हटलं, भास. पण बकऱ्या चरायच्या थांबल्या होत्या. सगळ्या त्या एकाच बाजूला मान करून उभ्या होत्या, तोंडातला पाला तोंडात ठेवून.

बऱ्याच दिवसांनी दुसरी आली, नाल्याच्या अलीकडून. त्या दिवशी रामसिंग घरी आला आणि न जेवता भिंतीकडे तोंड करून बसला. बिजलीबाईनं त्याच्यासमोर ठाण मांडलं. “काय झालं ते सांगता का मी नायकाले बलावू?”

त्यानं सांगितलं. बाक, डबी, जंगलातला नियम, तीन हाका, गार पाय. “माही पाळी होती. त्यानं ओ देली. तुह्यासाठी इचारत होते आन् मी म्हनलं, मले ठाव नाई.” तो थांबला. “आता तो बलावून राह्यला. दोन झाल्या. तिसरीले जा लागन मले. उसनी ओ आहे, परत करा लागन.”

बिजलीबाई उठली, खुंटीवरचं गाठोडं काढलं, दंडाला तेल चोपडलं आणि चुडो चढवायला लागली. कोपरावर अडला. तिनं दात आवळून रेटला. कातडी सोलली, रक्त आलं. सुनेनं हात धरला तेव्हा ती थांबली. चुडो तिनं परत बांधला, पण खुंटीला लावला नाही. उशाशी घेऊन झोपली.

त्यानंतर ती त्याला एकटा सोडेना. तो नाल्याकडे निघाला की ही मागे, बऱ्याच अंतरावर, पदराखाली गाठोडं घेऊन. तांड्यातल्या बाया म्हणायच्या, “नवी झडप काय बसवली, म्हातारी पोरगी झाली, नवऱ्यामागं फिरते.”

तिसरी हाक यायची ती आलीच. दिवस कलला होता, आभाळ तांबडं होतं, वारा अजिबात नव्हता. बकऱ्यांनी माना वळवल्या तेव्हाच रामसिंगला कळलं. तो उठून उभा राहिला. खरं सांगायचं तर त्याला भीती वाटली नाही. वाटलं ते एवढंच, की कितीतरी दिवसांनी आपल्याला कोणी नावानं बोलावतंय. पंगतीत वाढप्याला न दिसलेला माणूस त्या पळसांतल्याला दिसत होता. त्यानं तोंड उघडलं.

“रामऽऽ” असं समोरून सुरू झालं, आणि त्याच वेळी मागून, अगदी पाठीशी, आवाज आला.

“रामसिंग!”

तो आवाज त्यानं जन्मभर ऐकला होता आणि त्या आवाजातला हा शब्द कधीच ऐकला नव्हता. फाटका, बेसूर. पहिल्यांदाच बोलायला शिकलेल्या पोराच्या तोंडचा असावा तसा. ती पुन्हा ओरडली, “रामसिंग!”

“ओ,” रामसिंग म्हणाला.

ओ तोंडातून गेली. समोर गेली की मागे गेली, हे त्याचं त्याला कळलं नाही. तो वळला. बिजलीबाई धापा टाकत उभी होती, केस सुटलेले, उघडा सुजका दंड छातीशी धरलेला, आणि गाठोडं तिच्या पायाशी जमिनीवर पडलेलं. ती रडत होती आणि संतापलेलीही होती.

“मरायचंच असन तं माह्या हाकेनं मरा,” ती म्हणाली. “दुसऱ्याच्या हाकेनं कायले मरता? एवढी नळ्या-नळ्यांतून झडप घालून मले जगवलं, ते काय रिकाम्या खाटेशी बोलाले?”

मग तिनं त्याचं मनगट धरलं आणि ओढत घरी आणलं. मागे वळून कोणीच पाहिलं नाही. बकऱ्या आपल्याआप मागून आल्या.

चुडो काही परत चढला नाही. सूज उतरली, पण दंडावर मांस आलं होतं. बिजलीबाईनं तो खुंटीला लावून ठेवला, आणि कोणी विचारलं तर सांगते, “त्याचं काम झालं.” नाव मात्र आता ती घेते. सगळ्या तांड्याला ऐकू जाईल असं, रोज दिवेलागणीला, ओट्यावर उभी राहून घेते. सुना तोंडाला ओढणी लावून हसतात. म्हाताऱ्या बोटं मोडतात, म्हणतात, नवऱ्याचं आयुष्य खाऊन राह्यली. ती दोनदाच हाक मारते. तिसरी मारत नाही. शामनं एकदा आईला विचारलं, “याडी, दोनच काहून?” तर म्हणाली, “तिसरीले कोन येईन, सांगता येते काय?”

ती हाक मारते तेव्हा नाल्याकडून रामसिंगची ओ येते, बाजारातली, भोंग्यासारखी. आणि वारा पडलेला असला तर त्या ओमागून आणखी एक ओ येते, लांबून, शेवट वर उचललेली. पहिल्यांदा ऐकली तेव्हा सून घरात पळाली. बिजलीबाई म्हणाली, “येऊ दे. जंगलातला मानूस आहे तो. हाक आली का ओ देनारच.”

मग ती दिवा उचलून ओट्याच्या कडेला येते. अंधारातून बकऱ्या येतात, त्यांच्यामागे पावलं वाजतात. ओ दोन आलेल्या असतात आणि माणूस एकच येतो. तो उजेडात येऊन, तिला त्याचा चेहरा नीट दिसेपर्यंत ती दारातून बाजूला होत नाही.